पळणाऱ्यापुढे जागा सोडा

आमच्या मजल्यावर दोन प्रकारची वर्तमानपत्रं असतात : कात्रणकाकांच्या हाती न लागलेली आणि खिडक्या पडलेली. क्रीडापानावर एखादा गोलंदाज हवेत उडालेला असतो. काका नखं कापायच्या कात्रीने त्याच्या बोटाबोटांतून वळत त्याला सोडवून घेतात आणि पेपरची घडी घालून, आभार मानून, ज्याचा त्याला परत करतात. मग पान उलटावं तर मागच्या बाजूला कोणाच्या तरी प्रथम पुण्यस्मरणाच्या मधोमध गोलंदाजाच्या आकाराचं भोक. एकदा समोरच्या वहिनींची उकडीच्या मोदकांची कृती पारी वळेपर्यंत नीट आली आणि सारण उंच उडी मारणाऱ्या एका मुलीबरोबर गेलं. वहिनींनी जाब विचारला तेव्हा काका म्हणाले, "नारळ-गूळच असणार हो. पण तिची कंबर बघा, दांडीवरून कशी ओघळलीय!"

खेळवेडी माणसं आपल्याकडे पैशाला पासरी. कोणाला धावसंख्या तोंडपाठ, कोणाला पंचांचे चुकलेले निर्णय. काकांचं वेड त्या जातीचं नाही. सामना कोणी जिंकला हे त्यांना पुष्कळदा ठाऊकच नसतं. "काय काका, काल कोण जिंकलं?" म्हणून विचारावं तर, "ते बघावं लागेल. पण जडेजा काय आडवा झाला होता!" त्यांना खेळ नको असतो, खेळाची हालचाल हवी असते; आणि तीही मैदानावर नको, पानावर हवी. हालती गोष्ट कागदावर आणायची म्हणजे ती थांबवावी लागते, आणि थांबवली की ती हालत नाही. या पेचात काकांचं निवृत्तीनंतरचं आयुष्य अतिशय सुखात चाललं आहे.

स्वतः काकांना धावताना कोणी पाहिलेलं नाही. नोकरी बँकेत रोखपालाची, म्हणजे जाळीआड बसून नोटा मोजण्याची. दादरच्या फलाटावर गाडी सुटत असली तरी ते जागचे हलायचे नाहीत. गाडीमागे धावणाऱ्यांचे गुडघे बघत उभे राहायचे. "गाडी चार मिनिटांनी दुसरी येते. असा गुडघा परत येत नाही."

त्यांच्या चिकटवह्या पलंगाखाली, पत्र्याच्या ट्रंकेत. वही दाखवायची म्हणजे आधी हात धुऊन यायचं, पुसायचे आणि काका पान उलटतील तेव्हाच बघायचं. पान आपण उलटायचं नाही, कारण उलटण्यातही म्हणे वेग असतो आणि तो चुकला तर पान पडतं. पहिल्याच पानावर, मुद्दाम मोठ्या कोऱ्या जागेखाली, लाल शाईत लिहिलंय : पळणाऱ्यापुढे जागा सोडा. धावपटू उजवीकडे तोंड करून निघाला असेल तर तो पानाच्या डाव्या कडेला चिकटवायचा आणि उजवीकडचं पान रिकामं ठेवायचं. उजव्या कडेला चिकटवलात तर तो भिंतीवर आपटणार. डाव्या पानाच्या आतल्या कडेला चिकटवलात तर शिवणीत पडणार. जो डावीकडे तोंड करून धावतो त्याचं काय, असं मी एकदा विचारलं. काका गंभीर झाले. "आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. त्यामुळे तो आपल्याला परत येताना दिसतो. उर्दू 'इन्किलाब' वाचणाऱ्याला मात्र तोच पुढे जाताना दिसेल." अशा सगळ्या उलट्या धावपटूंसाठी त्यांनी एक वेगळी वही केली आहे. ती ते मागून उघडतात.

दुसरा नियम कडांचा. कात्रणाची पुढची कड कात्रीने कापायची, मागची हाताने फाडायची. फाटलेल्या कडेचे पांढरे तंतू मागे राहिले की माणूस जागा सोडून निघालाय असं वाटतं. तिसरा नियम असा की सरळ चिकटवलेला माणूस उभा राहतो, तिरका चिकटवलेला निघतो. हा नियम काकांनी इतक्या निष्ठेने पाळला आहे की त्यांच्या वह्यांमध्ये मागे उभा असलेला पंच कायम पडण्याच्या बेतात असतो. चौथा : धूळ कापायची नाही. लांब उडीवाल्याच्या टाचेखालून उडालेली वाळू, कबड्डीच्या पकडीत उसळलेली माती, हे सगळं दाण्यादाण्याने वाचवायचं. यात एकेक दुपार जाते. काकू तेवढ्यात सबंध घराची धूळ काढून मोकळ्या होतात. "आमच्याकडे दोघंही धुळीतच काम करतो," असं त्या म्हणतात.

चिकटवायला खळ. कणकेची, घरी शिजवलेली, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली, जुने बाइंडर करतात तशीच. त्या पातेल्यावर काकूंनी ऑइलपेंटने फुली मारून ठेवली आहे. पण वर्तमानपत्राचा कागदच असा, की त्यात लाकडाचा लगदा तसाच्या तसा असतो आणि हवा-उजेड लागला की तो पिवळा पडतो. साप्ताहिकांचे गुळगुळीत कागद टिकतात. 'स्पोर्टस्टार'चे मधले पोस्टर काकांनी जपून सोडवलेत, फक्त पिनांची भोकं बरोब्बर खेळाडूच्या पोटावर येतात. संदीप पाटील संपादक असलेल्या 'षटकार'चे अंकही त्यांनी दोन-दोन घेतले, कारण एका अंगाला गावसकर आणि पाठीमागच्या अंगाला वेंगसरकर असला तर एकाला वाचवताना दुसरा मरतो.

क्रिकेटच्या फोटोत चेंडू असला तर बरं. नसला तर काका घालतात. चेंडू म्हणजे काकूंची मरून टिकली, सगळ्यांत बारीक मापाची. टिकलीला डिंक लावावा लागत नाही आणि ती हवी तिथे सरकवता येते. २५ जून १९८३ चं पान याच टिकलीवर उभं आहे. लॉर्ड्स, मदनलालचा चेंडू, रिचर्ड्सने उचललेला, आणि मिडविकेटकडून मागे धावणारा कपिलदेव. सगळ्या भारताने त्या दिवसाचं चित्र म्हणून गॅलरीतला कप लक्षात ठेवला. काकांच्या वहीत कप नाहीच. पानाच्या तळाशी कोपऱ्यात कपिलची पाठ, वर कोरा कागद, आणि अगदी वरच्या कडेला, बाहेर जाते की काय अशी, एक टिकली. रिचर्ड्स पानावर नाही. "तो आता लागत नाही," काका म्हणतात. एवढ्या रिकाम्या पानाकडे बघताना छातीत धस्स होतं हे मी कबूल करतो. झेल घेतला हे चाळीस वर्षांहून जास्त काळ ठाऊक असूनही होतं.

पुढे पांढरे चेंडू आले आणि काकांची पंचाईत झाली. पांढरी टिकली मिळेना. शेवटी कोणत्याशा कचेरीतल्या पंचिंग मशीनच्या पोटातला कचरा त्यांनी पुडीत बांधून आणला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ईडन गार्डन्सवर बांगलादेशाविरुद्ध भारताचा पहिला दिवस-रात्रीचा कसोटी सामना झाला, गुलाबी चेंडूने. त्या दिवशी काका सकाळीच काकूंच्या आरशापाशी जाऊन उभे राहिले होते. काकूंना वाटलं, लग्नाचा वाढदिवस लक्षात राहिला.

मार्शल आणि गावसकर समोरासमोरच्या पानांवर आहेत. डाव्या पानावर मार्शल धावत येतोय, उजव्या पानावर गावसकर पवित्रा घेऊन उभा, मधली शिवण म्हणजे खेळपट्टी. वही मिटली की मार्शल थेट अंगावर. ही वही मिटताना काका अजूनही डोळे किलकिले करतात. ट्रंकेत ती गावसकरची बाजू वर करून ठेवलेली असते, "तेवढाच भार हलका."

या सगळ्यांच्या वर, म्हणजे खरोखरीच भिंतीवर, देव्हाऱ्याशेजारी, एक चौकट आहे : व्हिक्टर ट्रंपर. जॉर्ज बेल्डम नावाच्या इंग्रज क्रिकेटपटूने स्वतःच कॅमेऱ्यामागे उभं राहून काढलेला फोटो, १९०५ मध्ये आलेल्या ग्रंथातला. क्रीजबाहेर झेपावलेला ट्रंपर, मागे उंच गेलेली बॅट, पुढचा पाय अधांतरी. काकांकडे झेरॉक्सची झेरॉक्स आहे, त्यामुळे ट्रंपरच्या मिशा असाव्यात की नसाव्यात याबद्दल पाहुण्यांत दोन मतं पडतात. काका म्हणतात, "फटका पुढे कसा लागला, ते चित्र सांगतच नाही. म्हणून तर शंभरावर वर्षं लोक बघतायत. पाय टेकला असता तर दुसऱ्या दिवशी रद्दीत गेला असता."

टेकलेल्या पायांचा त्यांना मनापासून तिटकारा. चषक हातात धरून ओळीने उभी असलेली माणसं, गळ्यात पदक, पदकाचा चावा वगैरे फोटो म्हणजे त्यांच्या लेखी लग्नातला मांडवातला फोटो. खाशाबा जाधवांचं पान या हट्टापायी अजून पुरं झालेलं नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण काकांना मिळाले ते सगळे फोटो उभे. म्हणून पानावर 'हेलसिंकी, १९५२' एवढंच लिहून खाली मातीच्या रंगाचा कागद चिकटवून ठेवलाय. कोणी येईल आणि डाव मांडेल, अशी वाट बघतोय तो कागद.

पण काकांचं खरं पान उषाचं. लॉस एंजेलिस, १९८४, चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत. तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूची वेळ ५५.४१ सेकंद, पी. टी. उषाची ५५.४२. ब्राँझपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. आता हा शंभरावा भाग पानावर दाखवायचा कसा? काकांनी रोखपालाच्या इमानाने हिशेब मांडला. चारशे मीटर पंचावन्न-साडेपंचावन्न सेकंदांत, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वासात मीटर, म्हणजे शंभराव्या भागात सात सेंटीमीटर. सबंध शर्यत तीस सेंटीमीटरच्या पानावर आडवी मांडली तर हे सात सेंटीमीटर उरतात मिलिमीटरचा विसावा भाग. झेरॉक्सचा साधा कागद याच्या दुप्पट जाड असतो. म्हणजे कात्रण लावताना अर्ध्या कागदाच्या जाडीची चूक झाली तर ब्राँझ उषाला!

"मग करा की चूक," काकू म्हणाल्या.

काकांनी केली नाही. चार दिवस ते पट्टी घेऊन बसले आणि पाचव्या दिवशी त्यांनी शर्यतच काढून टाकली. पानावर अंतिम रेषा आहे, रेषेवर छाती टेकवणारी एक कागदी आकृती आहे आणि तिच्या मागे उषा. मधे खऱ्या मापाने सोडलेले सात सेंटीमीटर. लिहिलेलं काही नाही. बघणारा न सांगता तिथे आपला हात ठेवून पाहतो. चार बोटं बसतात.

त्यांची पुतणीही चिकटवह्या करते, पण नव्या चालीच्या. बारा इंची चौकोनी पानं, चकचकीत फिती, बटणं, मोती, आणि 'चॅम्पियन' असं उठावाच्या अक्षरांत छापलेले स्टिकर. तिनेच काकांना क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर नेलं. त्या गल्लीत कागदाचं आणि सजावटीचं जे जे म्हणून काही असतं ते मिळतं. काका प्रत्येक दुकानात जाऊन "वेग आहे का?" असं विचारत होते. एका दुकानदाराने त्यांना शांतपणे वेगवेगळ्या रंगांच्या रिबिनी दाखवल्या. पुतणीने तिच्या भावाच्या फुटबॉलचं पान करून आणलं होतं, त्यावर अर्धा फुगलेला कापडी फुटबॉलच शिवलेला. वही मिटेना.

"काका, पान भरलेलं दिसायला हवं."

"भरलेल्या पानातून तो पळणार कुठून?"

पण काका हट्टी असले तरी शिकण्यात मागे नाहीत. तिच्याकडची कशिद्याची सुई त्यांनी उचलली आणि खो-खोचं पान केलं, ते बघण्याजोगं आहे. फोटोत खो-खो म्हणजे उकिडवी बसलेली आठ माणसं. सगळा वेग त्यांच्या मधून वळवळत गेलेला. काकांनी दोन खांबांच्या मधल्या पाटीवर आठ चौकोन लावले, एक तोंड इकडे, एक तिकडे, आणि पळणाऱ्याची वाट लाल दोऱ्याने शिवली. पाठलाग करणाऱ्याचा काळा दोरा मात्र खांबापर्यंत एकाच बाजूने सरळ गेलेला, कारण त्याला मधून घुसायची मुभा नाही. पान उलटून मागची बाजू पाहिली तर दोऱ्यांचा नुसता गुंता. खो-खो खेळलेल्या काकूंनी ती मागची बाजूच जास्त पसंत केली. "आत असताना अस्संच दिसायचं."

मोबाइल आला आणि कात्रणं कमी पडू लागल्यावर काका स्वतः फोटोही काढू लागले. शाळेच्या क्रीडादिनाला त्यांना कोणीतरी बोलावतंच. धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवायचा, शटर सावकाश ठेवायचं, सेकंदाचा तिसावा भाग वगैरे. मग माणूस ठसठशीत येतो आणि मागचं जग पुसलं जातं, हे त्यांनी वाचलं होतं. शंभर मीटरला काका मुलांबरोबर कमरेतून वळले, वळत राहिले आणि प्रमुख पाहुण्यांकडे पाठ करून थांबले. मुलं सगळी पुसली गेली होती. त्याच दिशेने, अचूक त्याच वेगाने, राहिलेला नारळ आणि शाल घेऊन धावलेले शिपाईमामा तेवढे लख्ख आले. काकांनी पान त्यांच्या नावे केलं. पुढे जागा सोडून.

दुसरा प्रयोग आमच्या गॅलरीत झाला. एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात बारा कॅमेरे ओळीने मांडून, वाटेत दोरे ताणून, धावत्या घोडीचे फोटो काढले होते. घोडी दोरा तोडत जाईल तसतसा एकेक कॅमेरा चालायचा. त्यातून कळलं की घोड्याचे चारही पाय एका क्षणी खरोखर जमीन सोडतात, पण चित्रकार दाखवत आले तसे पुढेमागे फाकून नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. तेव्हापासून काकांना कॅलेंडरवरच्या एकाही घोड्याकडे शांत चित्ताने बघवत नाही. गॅलरीत दोरे बांधायला सोसायटीने मनाई केल्यामुळे त्यांनी दर दाराशी एकेक माणूस मोबाइल घेऊन उभा केला आणि तळमजल्यावरच्या मुलाला धावायला सांगितलं. मुलगा धावला. वहिनींनी दाबलं ते व्हिडिओचं बटण. पुढच्या आजोबांच्या फोटोत त्यांचा अंगठा आला, तिसरीला ऐन वेळी नणंदेचा फोन आला, चौथ्याने कॅमेरा स्वतःकडे वळलेला असताना काढला. मला मुलाचा मागचा अर्धा भाग मिळाला. "एवढा एकच फोटो हालतोय," असं म्हणून काकांनी तो वहीत घेतला. त्या मुलाच्या आईने नंतर बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

कारण आई-बापांना चेहरा हवा असतो. सोसायटीच्या क्रीडास्पर्धांची वही काकांकडे दिली तेव्हा हे उघडं पडलं. लिंबू-चमच्याच्या पानावर फक्त लिंबू आणि दातांत घट्ट धरलेल्या चमच्याचा दांडा. पोत्यांच्या शर्यतीच्या पानावर जमिनीपासून वीतभर उंचावलेली चार पोती. "यात आमचा कुठला?" असा सवाल सगळ्या मजल्यांवरून आला. सेक्रेटरींनी मुंबई मॅरेथॉनमध्ये धावतानाचा स्वतःचा फोटो नमुना म्हणून आणून दिला : दोन्ही अंगठे वर, हसरा चेहरा. काकांनी तो भिंग लावून पाहिला आणि परत केला. "कॅमेरा दिसला की माणूस धावायचा थांबतो आणि धावल्याचं सोंग करतो. तुमच्या दोन्ही टाचा टेकल्यात." सेक्रेटरींनी त्या महिन्यात काकांना पाण्याच्या वेळेवरून दोन नोटिसा पाठवल्या.

या वहीत एकच पान राहिलं होतं, बुद्धिबळाचं. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा जिल्ह्यात खेळतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून त्याच्या आईला झोप नाही. तिने बजावलं होतं की सगळ्या खेळांना पान आहे, तर यालाही हवं. काका हबकले. दोन माणसं समोरासमोर बसून काहीच करत नाहीत, हे चिकटवायचं कसं? तरी ते स्पर्धेला गेले. हॉलमध्ये बसून राहिले. घड्याळाचं बटण दाबणारा हात टिपला, पण तो बँकेत शिक्का मारणाऱ्यासारखा आला. मग त्यांची पेन्सिल घरंगळली, ती उचलायला ते टेबलाखाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. पंचांना वाटलं, काकांना चक्कर आली.

पान तयार झालं तेव्हा मुलाची आई आमच्या सगळ्यांच्या देखत ते बघायला आली. पानभर ओळीने, टेबलाखालचे पाय. एक पाय चपलेतून सुटलेला, एक खुर्चीच्या दांडीला गुंडाळलेला, एक इतका हलत होता की पोटरी धुरकट आली होती.

"चेहरा कुठाय याचा?" तिने विचारलं.

मुलगा मात्र पानावर ओणवा झाला होता. "हा वजीर अडकला तेव्हाचा," त्याने धुरकट पोटरीवर बोट ठेवलं. "आणि हा... हा त्याचा पाय आहे, माझा नाही. त्याला हत्तीची खेळी दिसली तेव्हाचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"पाय हलवू नकोस म्हणून किती वेळा सांगितलंय तुला!" आई कडाडली.

"अहो, नका हो बंद करू," काका कळवळून म्हणाले. "मे महिन्यात राज्य स्पर्धा आहे ना त्याची? तोवर तरी हलवू द्या. मी पानं आखून ठेवलीत."